पाच नंबरच्या शिखराचा अर्ज

"आज तारीख किती?" धायगुडे सरांनी विचारलं.

सकाळपासून तिसऱ्यांदा.

"अकरा," मी म्हणालो.

"जानेवारी?"

"जानेवारीच, सर. मघापासून महिना बदललेला नाही."

ते हसले नाहीत. ते एरवीही हसायचे नाहीत, पण त्यांच्या न हसण्याचे दोन प्रकार होते. एक, विनोद कळूनही न हसणं. दुसरा, विनोद ऐकूच न येणं. हा दुसरा होता. त्यांनी चहाचा कप उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. अंटार्क्टिकात चहा खाली ठेवला की चार मिनिटांत त्याची कुल्फी होते. गेल्या दोन महिन्यांत या माणसाने एकही कप वाया घालवलेला मी पाहिला नव्हता.

माझाही कप खाली होता. माझं कारण मला माहीत होतं. त्यांचं काय असावं याचा विचार करायला मला त्या सकाळी सवड नव्हती, कारण मी आदल्याच आठवड्यात त्यांना मारलं होतं. कागदावर.

तंबूत आम्ही तिघं होतो. सर्वेक्षणाचे प्रमुख यशवंत धायगुडे, वय अठ्ठावन्न, मूळ गाव फलटणजवळ, निवृत्तीला सहा महिने बाकी. त्यांचा सहायक मी, सुयोग तांबट, वय सव्वीस. आणि इनास फर्नांडिस, वेंगुर्ल्याचा, आमच्या साखळीपट्ट्याच्या गाडीचा मेकॅनिक, चालक आणि स्वयंपाकी. आमचं स्टेशन उत्तरेला एकशे चाळीस किलोमीटरवर. आणि समोर, तंबूची चेन उघडली की दिसणारी, आमची डोंगरांची रांग.

रांग म्हणजे सात शिखरं. एकतीस किलोमीटरच्या ओळीत बर्फातून वर आलेली सात काळी डोकी. धड आणि पाय दीड किलोमीटर बर्फाखाली. साठ वर्षांपूर्वी कोणा परदेशी वैमानिकाने ती वरून पाहिली आणि घाईत नकाशावर अकरा किलोमीटर पूर्वेला काढली. त्यामुळे इतकी वर्षं नकाशावर जिथे डोंगर होते तिथे काही नव्हतं, आणि जिथे काही नव्हतं तिथे डोंगर होते. डोंगरांना याचा काही त्रास झाल्याचं दिसत नव्हतं. आम्ही ती रांग जागेवर आणायला आलो होतो. शेजारच्या रांगेला त्याच वैमानिकाने स्वतःचं, बायकोचं आणि मेव्हणीचं नाव देऊन ठेवलं होतं. मेव्हणीचं शिखर सर्वांत उंच होतं. आमच्या सातांना अजून नुसते नंबर होते.

नावं द्यायची तर भारतातल्या समितीकडे अर्ज करावा लागे. पक्षी चालत, नद्या चालत, सद्गुण चालत. माणूसही चाले, पण एका अटीवर: तो मेलेला असला पाहिजे. जिवंत माणसाचं नाव डोंगराला देत नाहीत. तो पुढे काय दिवे लावील याचा भरवसा नसतो. म्हणून अर्जात एक रकाना होता, 'मृत्यूचा दिनांक'.

सरांची ही सहावी आणि शेवटची मोहीम. अकरा जानेवारीला स्टेशनवर त्यांचा निरोपसमारंभ ठरला होता. मला वाटलं, त्यांना पाच नंबरचं शिखर भेट द्यावं. खरं नव्हे, गंमत म्हणून. मी अर्ज घेतला. नाव: यशवंत धायगुडे. योगदान: 'चहात तीन चमचे साखर घालूनही तोंड गोड होऊ न देणे.' मृत्यूचा दिनांक: अकरा जानेवारी, म्हणजे निरोपाची तारीख, कारण त्यानंतर ते अंटार्क्टिकाला मेलेच. तो अर्ज मी त्यांच्या सह्यांच्या कागदांत सरकवला. ते गठ्ठा न वाचता सह्या करतात, अशी माझी समजूत होती. डोंगरावरून स्टेशनवर परतल्यावर सही झालेला तो काढून घ्यायचा, फ्रेम करायचा, जेवणानंतर द्यायचा.

मग हवामान बिघडलं, काम आठवडाभर लांबलं, निरोपसमारंभ पुढे गेला आणि अकरा जानेवारीला आम्ही स्टेशनवर नसून नेमके पाच नंबरच्या पायथ्याशी होतो. आणि त्या सकाळी आठ वाजता रेडिओवर स्टेशनप्रमुख डॉ. इनामदार म्हणाल्या, "धायगुडे, तुमच्या टेबलावरचा सह्या झालेला गठ्ठा मी काल स्कॅन करून भारतात पाठवून दिला. तेवढंच तुमचं ओझं कमी."

"सगळा?" सरांनी विचारलं.

"सगळा. आणि चारनंतर वारा वाढणार आहे. शिखरावरचं यंत्र त्याआधी उतरवा."

त्यानंतर दोन कप चहा गोठला.

*

शिखरावर आम्ही तीन दिवसांपूर्वी एक मोजणीयंत्र तिपाईवर बसवून आलो होतो. उपग्रहांचं ऐकून ते शिखराची उंची आणि जागा ठरवत होतं. ते राहिलं तर वादळात उडणार, आणि पाच नंबर पुन्हा नकाशावर भटकायला मोकळा होणार.

"मी एकटा जाऊन आणतो," मी म्हणालो.

"एकट्याने जायचं नसतं," सर म्हणाले.

"मग मी आणि इनास जातो. तुम्ही गाडीत बसा. हीटर आहे."

"मी आणि इनास जातो. तू गाडीत बस."

"सर, तुमचा गुडघा."

"गुडघ्याला काय झालंय?"

"होऊ शकतं."

इनास कणीक मळत होता. तो मान वर न करता म्हणाला, "तुमी दोघांनी सकाळपासून काय लावल्यात? एकटो म्हणता मी जातंय, दुसरो म्हणता मी जातंय. काल दोघांकय जावचा नव्हता."

शेवटी दोघंही निघालो. मग दोरावरून वाद. बर्फाच्या मैदानात भेगा असतात. वरून वाऱ्याने आणलेल्या बर्फाचं झाकण, खाली घरंच्या घरं मावतील अशी पोकळी. म्हणून दोघं एका दोराला बांधून चालतात, आणि नियम असा की हलका माणूस पुढे. तो पडला तर मागचा जड माणूस त्याला पेलतो. मी अठ्ठावन्न किलो. सर चौऱ्याऐंशी. दोन महिने मीच पुढे चालत आलो होतो.

"आज मी पुढे," सर म्हणाले.

"नियम असा आहे की..."

"नियम मीच शिकवलाय."

"म्हणूनच म्हणतो. सर, मला पुढे जाऊ द्या." माझा आवाज जरा जास्तच निघाला. हा माणूस आज मेला तर अर्ज बरोबर ठरणार होता, आणि जगात अशी एकच गोष्ट होती जी मला त्या दिवशी बरोबर ठरायला नको होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दाढीत बर्फ, काळ्या चष्म्यात दोन छोटे सुयोग तांबट. "आज नाही," एवढं म्हणून ते चालू लागले. दोर ताणला गेला की मागच्याला निघावंच लागतं. मी निघालो.

दर शंभर पावलांवर आम्ही बांबूची काठी रोवत होतो. काठीला लाल फडकं. परत येताना काही दिसलं नाही तरी फडकं दिसावं म्हणून. मी प्रत्येक काठी रोवताना सरांच्या पायांकडे बघत होतो. पायाखालचा बर्फ वाजला की मी दोर आवळून धरी. गंमत म्हणजे पुढे चालणारे सर दर दहा पावलांनी मागे वळून माझ्या पायांकडे बघत होते.

"माझ्या पावलावर पाऊल ठेव," ते म्हणत. "बाहेर नको."

शिखरावर दोन वाजता पोचलो. माथा जेवणाच्या पाटाएवढा, उत्तरेकडे सातशे फूट सरळ खाली. सर यंत्र सोडवायला वाकले. मी मागून त्यांचं जॅकेट धरलं.

"काय करतोस?"

"वारा आहे, सर."

ते उठले आणि मी तिपाई घ्यायला वाकलो. माझं जॅकेट मागून कोणीतरी धरल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर सर.

"वारा आहे," ते म्हणाले.

असे आम्ही पृथ्वीच्या टोकाजवळ एकमेकांचे कोट धरून उभे होतो. दक्षिणेकडे मात्र आभाळ आणि जमीन यांच्यामधली रेघ पुसली गेली होती. कोणीतरी फळा पुसत आमच्या दिशेने येत होतं.

*

त्या पांढऱ्याने आम्हाला खाली मैदानात गाठलं. काळोख असता तर बरं. काळोखात निदान टॉर्च लावता येतो. हा उजेड होता, सगळीकडून सारखाच येणारा, सावली नसलेला पांढरा उजेड. वर-खाली कळेना. मी उभा आहे की आडवा, हे गुडघ्यांना विचारावं लागत होतं. दोर माझ्या कमरेपासून निघून चार हातांवर नाहीसा होत होता. त्याच्या पलीकडच्या टोकाला सर आहेत, अशी माझी श्रद्धा होती. एका काठीपासून दुसरी दिसत नव्हती. पुढे जायचं, फडकं सापडेपर्यंत चाचपडायचं, मग पुढे. ज्या वाटेला एरवी तास लागला असता तिला अडीच तास झाले.

पाच वाजून दहा मिनिटांनी दोर पळाला.

आवाज काही झाला नाही. ओरडणंही नाही. कमरेला हिसका बसला, मी तोंडावर आपटलो आणि पोटावर सरपटत पुढे जाऊ लागलो. अठ्ठावन्न किलोंना चौऱ्याऐंशी किलो ओढत होते. शाळेत हे गणित होतं, पण त्यात उत्तर किलोत यायचं. मी कुऱ्हाड बर्फात मारली. निसटली. पुन्हा मारली, छाती तिच्यावर टाकली, बुटांचे खिळे रुतवले. थांबलो. तोंडात बर्फ होता आणि डोळ्यांपुढे दोर वीतभर बर्फ कापत जाऊन निळ्या रंगात उतरत होता. त्या पांढऱ्यात तेवढाच रंग होता. भेगेचा काठ माझ्या नाकापासून दोन हातांवर होता.

"सर."

काही नाही. वारा.

"सर."

छातीवरचा वॉकीटॉकी खरखरला. "लटकलोय," सरांचा आवाज आला. "मोडलं काही नाही. खाली तळ दिसत नाही. तू काठापासून किती लांब आहेस?"

"भरपूर," मी म्हणालो.

"किती?"

"दोन हात."

मग ते म्हणाले, "इनास."

"ऐकतंय सर," इनासचा आवाज. तो दीड किलोमीटरवर गाडीत होता. "काठ्या धरून येतंय. पण माका दिसाक काय नाय. गाडी चालीच्या वेगान येतली."

"आमच्या अलीकडच्या काठीपुढे गाडी आणू नको. गाडीला दोर बांध, तो घेऊन चालत ये."

"येतंय. तवसर कोणी खंय जाव नका."

कोणी कुठे जाणार नव्हतं. माझी छाती कुऱ्हाडीवर, कुऱ्हाड बर्फात, आणि बर्फ हा काही फार विश्वासू पदार्थ नाही. थोड्या थोड्या वेळाने कुऱ्हाडीचं पातं केसभर सरके. मला ते छातीच्या हाडाला कळे. हातमोज्यांत बोटं होती की नव्हती, सांगता येत नव्हतं. मला वाटलं, सांगायला हवं. माणूस मरणार असेल तर कोणामुळे हे त्याला कळायला हवं.

"सर, मला एक सांगायचंय."

"बोल."

"पाच नंबरचा अर्ज मी भरलाय. तुमच्या नावाने. मृत्यूचा दिनांक आजचा टाकलाय. गंमत म्हणून. तुमच्या गठ्ठ्यात ठेवला होता, तो काल गेला."

खरखर.

"सर, ऐकलंत का?"

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी वाचल्याशिवाय सही करत नाही."

"तुम्ही वाचलात?"

"उंची चुकली होती. बारा मीटरनी."

भेगेत लटकलेला माणूस उंचीबद्दल तक्रार करतो तेव्हा काय बोलायचं असतं?

"सुयोग," ते म्हणाले. दोन महिन्यांत त्यांनी मला पहिल्या नावाने हाक मारली नव्हती. "त्या अर्जावर माझं नाव नाही."

"आहे, सर. मीच लिहिलंय."

"मी खोडलं."

"मग कोणाचं आहे?"

वारा एकदम पडला. इतका की वॉकीटॉकीशिवाय, थेट खालून, निळ्या फटीतून त्यांचा आवाज वर आला. "तुझं."

मी काठाकडे पाहिलं. दोन हात होते ते आता दीड झाले होते.

"तुला जरा धडा द्यावा म्हणून," खालचा आवाज म्हणाला. "नाव बदललं, सही केली आणि गठ्ठ्यात वरच ठेवला. आपण परतल्यावर तू काढायला येशील, वाचशील, दचकशील. त्याआधी बाईंनी पाठवून दिला. दिनांक तसाच राहिला."

तेव्हा मला कळलं की गोठलेल्या चहाचा दुसरा कप कोणामुळे गोठला होता. ते तीनदा तारीख का विचारत होते. नियम स्वतः शिकवून स्वतःच का मोडत होते. ज्या झाकणावरून ते खाली गेले त्यावर नियमाप्रमाणे माझा पाय पडायचा होता.

"सर, तुम्ही हे असलं मानता?"

"नाही मानत. पण लिहिलं होतं मी."

वारा परत आला. कुऱ्हाड सरकली, या वेळी केसभर नव्हे, बोटभर. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं, कारण वॉकीटॉकीवर सरांचा आवाज अगदी कचेरीतला झाला.

"तुझ्याकडे सुरी आहे?"

"का?"

"कुऱ्हाड सुटली तर दोघं येऊ. सुटतेय असं वाटलं की दोर काप. विचारायचं नाही."

"सुरी तंबूत राहिली, सर."

"सकाळी मी तुझ्या खिशात पाहिली."

"इनासने कांदा कापायला घेतली."

"हो सर," इनास मध्येच म्हणाला. "माझ्याकडे आसा." तो इतकं सगळं ऐकत होता हे आम्ही विसरलो होतो. सुरी माझ्या उजव्या मांडीखाली खिशात होती. तिची मूठ मला टोचत होती. मी त्या तासात तिच्याकडे एकदाच मनाने गेलो. एकदाच. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"किती वाजले?" मी विचारलं. मनगट छातीखाली होतं.

"पाच पन्नास," इनास म्हणाला. "सोळावी काठी गावली."

स्टेशनचं घड्याळ आणि भारताचं घड्याळ यांत साडेपाच तासांचा फरक असतो. भारत पुढे. माझ्या डोक्यात काहीतरी चालू झालं. भीतीने डोकं चालेनासं होतं असं म्हणतात. माझं उलट झालं. ते नको तिथे चालू लागलं.

"सर, अर्ज भारतात गेलाय. मग दिनांक भारतातलाच धरायला हवा. साडेसहा वाजले की तिकडे बारा वाजतात. अकरा तारीख संपते."

"अर्ज भरला कुठे?" सर म्हणाले. त्यांचे दात वाजत होते, शब्द तुटून येत होते. "इथे. स्टेशनच्या वेळेत. म्हणजे अजून सहा तास."

"पण कार्यालय तिकडे आहे."

"घटना... जिथे घडते... तिथली वेळ."

"सर, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"नियमाच्या."

"आज सकाळी तो मोडलात."

यावर उत्तर आलं नाही. पुढेही आलं नाही. मी हाका मारत राहिलो. "सर. सर. दोन नंबरच्या शिखराची उंची किती?" काही नाही. "तीन नंबरची? मेव्हणीची?" ज्या माणसाला झोपेतही उंच्या पाठ होत्या तो गप्प होता. दोर आधी थोडा हलत असे, तो आता ओळंब्यासारखा स्थिर होता. खरी भीती तेव्हा वाटली. तोवर जी होती ती नुसती घाई होती.

मग मी त्यांना चुकीच्या उंच्या सांगायला लागलो. "दोन नंबर नऊशे मीटर. तीन नंबर बाराशे. पाच नंबर, सर, मी अर्जात लिहिलं तेच बरोबर होतं. तुमची दुरुस्ती चूक आहे."

कितीतरी वेळाने वॉकीटॉकी कुरकुरला. "एक हजार... आठशे... एकेचाळीस."

"त्रेपन्न नाही?"

"गाढवा," सर म्हणाले.

मी त्या पांढऱ्या पोकळीत पोटावर पडून रडलो. अश्रू चष्म्यात गोठले आणि मग मला काठही दिसेना, हे एका परीने बरंच झालं.

त्यानंतर माझ्या घोट्याला कोणीतरी धरलं. मी किंचाळलो. "मी रे, मी," इनास म्हणाला. त्याच्या कमरेला गाडीचा दोर होता. त्याने माझ्यावरून सरपटत जाऊन तो आमच्या दोराला अडकवला, काठाखाली एक पिशवी सारली आणि रांगत परत गेला. दूर कुठेतरी इंजिन घरघरलं. गाडी मागे मागे, बैलाने रहाटावर उलटं चालावं तशी गेली. निळ्या फटीतून आधी एक बर्फाळ टोपी वर आली, मग दाढी, मग उरलेले धायगुडे सर.

*

सहा वाजून अठरा मिनिटांनी आम्ही तिघं गाडीत होतो. हीटर पूर्ण. सर दोन स्लीपिंग बॅगांत, डोळे अर्धे उघडे, ओठ निळे पण हलणारे. इनासने बिस्किटं काढली.

"नको," सर म्हणाले. "याला देऊ नको. घशात अडकेल."

मी हात मागे घेतला. मग मी म्हणालो, "सरांनाही नको."

इनासने आम्हा दोघांकडे पाहिलं, पुडा परत ठेवला आणि इंजिन बंद करायचं की चालू ठेवायचं हेही विचारलं. आम्ही चालू ठेव म्हणालो, मग धूर कोंडेल म्हणून खिडकी फटीएवढी उघडली, मग थंडीने काही होईल म्हणून मिटली. बारा मिनिटं कोणी काही केलं नाही. श्वास घेतला तोही बेताने. घड्याळातला काटा इतका हळू मी कधी पाहिला नव्हता.

सहा एकतीसला इनास म्हणाला, "झाला?"

"झालं," मी म्हणालो.

"स्टेशनची वेळ धरली तर अजून..." सरांनी सुरुवात केली.

"सर, झोपा," इनास म्हणाला, आणि बिस्किटांचा पुडा माझ्या मांडीवर टाकला.

सरांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. स्टेशनवर परतल्यावर मी त्या अर्जाचा स्कॅन पाहिला. माझ्या अक्षरातलं त्यांचं नाव एका सरळ रेघेने खोडलेलं, वर माझं. उंची दुरुस्त: एक हजार आठशे एकेचाळीस. आणि योगदानाच्या रकान्यात साखरेचं वाक्य खोडून त्यांच्या बारीक अक्षरात तीन शब्द: 'अजून काही नाही.'

समितीने सुयोग तांबट यांच्या अकाली निधनाबद्दल शोक व्यक्त केला, आणि मृत्यूचा दाखला जोडला नसल्याने प्रस्ताव प्रलंबित ठेवल्याचं कळवलं. ते पत्र प्रस्ताव पाठवणारा म्हणून माझ्याच नावे आलं. दरवर्षी स्मरणपत्र येई: कृपया आपला दाखला त्वरित पाठवावा. मी ती सगळी जपून ठेवली आहेत.

आणि दरवर्षी बारा जानेवारीला सकाळी सातला फलटणहून फोन येई.

"आहेस का?"

"आहे, सर. तुम्ही?"

"आहे."

एवढंच. मग ते ठेवून देत. नऊ वर्षं.

यंदा सात वाजले, आठ वाजले. फोन येणार नाही हे मला माहीत होतं. सर ऑक्टोबरात दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत गेले होते. तरी मी फोनजवळ बसलो. दुपारी टपालाने एक पाकीट आलं. आत मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि त्यांच्या मुलीची, अश्लेषाची चिठ्ठी. 'बाबा म्हणाले होते, हा तांबटांना लागेल. जानेवारीत पाठव म्हणाले, आधी नको.'

मी नवा अर्ज काढला. पाच नंबरला अजून नुसता नंबर आहे. नाव लिहिलं. उंची लिहिली, ती पाठ होती. मृत्यूचा दिनांक दाखल्यावरून एकेक अंक बघून उतरवला. योगदानाच्या रकान्यापाशी आलो. विनोद खूप सुचले. मग दोनच शब्द लिहिले:

'पुढे चालले.'

खाली प्रमुखाची सही लागते. हल्ली प्रमुख मीच आहे. मी अर्ज पहिल्यापासून पुन्हा वाचला, नाव कोणाचं आहे ते दोनदा पाहिलं, आणि मगच सही केली.